घरं माणसात आणणारी गयाबाई

गयाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका रिकाम्या घरात चुलीपुढं बसून फोडणी देत होती. कढईत तेल, जिरं, लसूण आणि सुक्या मिरच्या. बाकी काही नाही. ना भाजी, ना वरण. मिरच्या करपायला आल्या तशी तिनं कढई उतरवली, पदरानं धूर या खोलीतून त्या खोलीत हाकलला आणि उरलेलं तेल अंगणातल्या राखेवर ओतून दिलं.

मी नुकतीच लग्न होऊन पवनीकडून भिलाईजवळच्या सुपेल्यात आले होते. नवरा रेल्वेत पॉइंट्समन. नाल्याकाठी आपल्या लोकांची खोल्यांची एक रांग होती, तिथं आमचं बिऱ्हाड. पाणी घेऊन येताना मला हे उघड्या दारातून दिसलं आणि वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. तरी दारातूनच विचारलं, "मावशी, काय करून राहिल्या?"

तिनं वर न बघता सांगितलं, "घर मानसात आनून राहिलो."

त्या दिवशी दुपारी ते घर विकलं गेलं.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. भट्ट्या अजून पेटायच्या होत्या. दिवसभर गिट्टीच्या, लोखंडाच्या, सिमेंटच्या गाड्या धावत आणि देशभरातून आलेली माणसं त्यांच्यामागं. साहेबांना क्वार्टर, मजुरांना कॅम्पातल्या झोपड्या, आणि मधल्या माणसांना जिथं मिळेल तिथं. म्हणून रस्त्यालगत दुर्गच्या व्यापाऱ्यांनी भराभर घरं बांधली होती. ठेकेदाराचं काम संपलं की तो घर विकून दुसऱ्या गावाला जाई. कुणाला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळालं की त्याचंही घर विकायला निघे. या उलाढालीवर जगणारा एक दलाल होता, दुबेजी. धोतर, काळी छत्री, तोंडात कायम पान. गयाबाई त्याच्यासाठी काम करायची. घर विकायला निघालं की गिऱ्हाईक येण्याआधी ते तिच्या ताब्यात दिलं जाई.

त्याआधी ती रेजा होती. कारखान्याच्या पायाच्या कामावर डोक्यावरून घमेली वाहायची. एकदा दुबेजीनं तिला एका न खपणाऱ्या घरातला मलबा काढायला नेलं. मलबा निघाला, पण दुबेजी यायला उशीर झाला. रिकामं बसवेना म्हणून तिनं चूल सारवली, भिंतीला पांढऱ्या छुई मातीचा हात दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला आणि न्हाणीतलं शेवाळ विटेनं घासून काढलं. ते घर लगेच गेलं. दुबेजी सगळ्यांना सांगत सुटला, "इसका पैर बहुत शुभ है." गयाबाई म्हणायची, "पाय कायचा शुभ? हात घासून घासून सालटं निघालं ते नाही दिसलं त्याले."

ती उंच होती, काळी, हाडापेरानं दणकट. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बोटांच्या चिरांत चुना इतका मुरलेला की भाकरी थापतानाही तिचे हात पिठानं माखल्यासारखे दिसत. घरात शिरली की लगेच कामाला लागायची नाही. आधी एका जागी बसायची, मग उठून दुसऱ्या जागी. मी विचारलं तर म्हणाली, "घेनारी बाई कुठं बसन? तिथून तिले काय दिसन? ते पाहून घ्या लागते. मानूस भिंत ठोकून पायते, बाई न्हानी पायते. न्हानी चोख असली का घर विकलं म्हनून समज."

कारखान्याच्या बाजूनं वारा आला की दुपारपर्यंत सगळ्यावर लाल धूळ बसायची. म्हणून ती दुबेजीला बजावायची की गिऱ्हाईक सकाळीच आण. माठ भरून ठेवायची. दाराच्या बिजागरीला तेल सोडायची. अंगणातल्या दोरीवर एक धुतलेलं लुगडं आणि एक लहान लेकराचं झबलं वाळत घालायची. ते झबलं तिच्या पिशवीत कायम असे. "कोनाचं वो हे?" मी विचारलं. "कोनाचंच नाही," ती म्हणाली. "पन दोरीवर लेकराचं कापड दिसलं का बाईचा जीव तिथंच बसते."

मला तेव्हा काही काम नव्हतं. मी तिच्यासोबत जाऊ लागले, माती कालवू लागले, आणि घरं कशी माणसात येतात ते पाहू लागले. या कामात तिचा एक नेम होता. ती भिंतीवरचा डाग झाकायची, पण विचारलं तर लपवायची नाही. "इचारलं तं सांगतो," ती म्हणायची, "नाही इचारलं तं भिंत पोततो."

या नेमापायी तिनं एकदा पोटावर पाय आणून घेतला. एक घर होतं, त्यात लहान मूल तापानं गेलं होतं. बापानं दुःखात खाटेजवळच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, त्याचा डाग होता. गयाबाईनं पोपडे खरवडले, दोन हात दिले, भिंत कोरी केली. पाहायला एक बंगाली जोडपं आलं. नवऱ्याला घर पसंत. बाई मात्र त्या भिंतीजवळ थांबली. काय कळलं तिला कुणास ठाऊक. तिनं गयाबाईलाच विचारलं, "इधर कोई मरा है क्या?"

दुबेजी मागून हात हलवत होता. गयाबाई म्हणाली, "हाव. बच्चा था. बुखार से गया."

बाई बाहेर जाऊन रिक्षात बसली. त्या दिवशी दुबेजी जे जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. पुढं सबंध उन्हाळा त्यानं गयाबाईला बोलावलं नाही. ती पुन्हा घमेलं घेऊन रेजांच्या रांगेत उभी राहिली. पावसाळ्यात दोन घरं पडून राहिली तेव्हा तो आपणच दारात आला. ती फक्त मला म्हणाली, "लेकरू मेलं त्या घरात. एवढं तरी त्याचं कोनी सांगाले नोको?"

दुसरी गोष्ट ती स्वतः हसत हसत सांगायची. दुर्गच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. तिनं नेहमीसारखे माठ भरून ठेवले. ऐनवेळी मालकीण आली आणि किंचाळली, "हिनं पाणी भरलं? या बाईनं?" गयाबाई म्हणाली, "शेठानी, गिऱ्हाईक येऊन जाऊ द्या. मंग फोडजा." गिऱ्हाईक आलं, तांब्याभर पाणी प्यालं, इकडचं पाणी फार गोड आहे म्हणालं आणि सौदा पक्का करून गेलं. त्यानंतर मालकिणीनं माठ फोडले. गयाबाई ती गोष्ट रंगवून सांगायची, शेठाणीचा आवाज काढायची, आम्ही बाया पोट धरून हसायचो. सगळ्या हसत असताना ती मधेच हात धुवायला उठे.

तिचं स्वतःचं घर आमच्या रांगेत नव्हतं. ते पुढं होतं, रस्त्याजवळ. तिचा नवरा सीताराम रेल्वेत गँगमन होता. कारखान्याचं नावही नव्हतं तेव्हा त्यानं तिथं शेताच्या बांधाला दोन खोल्या बांधल्या. शेजारी कोणी नव्हतं. पुढं आणखी तीन-चार घरं आली, सगळ्यांनी मिळून विहीर खणली. खणण्यात सीताराम पुढं होता. मग नागपूरला दीक्षा झाली. नवराबायको जाऊन आले आणि आल्या आल्या घरातले जुने देव नाल्यात सोडून बुद्धाची तसबीर लावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सीताराम तापानं गेला. कारखाना आला, भोवतीचे बांध गेले, गल्ली झाली, गल्लीत दुकानदार आले, क्लार्क आले, ठेकेदाराचे मुनीम आले. गयाबाईचं घर जिथल्या तिथंच होतं. पण आता ते त्यांच्या गल्लीत होतं.

आधी कुणी काही बोललं नाही. मग विहिरीला कठडा झाला. मग कठड्यावर जाळी आली आणि जाळीला कुलूप. किल्ली गल्लीतल्या सगळ्या घरांतून फिरायची, गयाबाईच्या घरी यायची नाही. तिचा मुलगा अशोक तेव्हा कारखान्यात फिटरचं काम शिकत होता. तो भांडायला निघाला. गयाबाईनं त्याला दारात अडवलं. "भांडून पानी भेटन एक दिवस. रोज कोन भांडन?" ती नाल्यापलीकडच्या जुन्या दगडाच्या खदानीत साचलेलं पाणी आणू लागली. अशोकचं लग्न झाल्यावर तिची सून शांता आणू लागली.

शांता लहान चणीची, अबोल पोरगी होती, कामठीकडची. तिला सातवा महिना होता. गयाबाईनं तिला पाण्याला जायची बंदी केली होती. पण त्या दिवशी गयाबाई दुबेजीच्या एका घराला चुना देत होती, अशोक पाळीवर होता आणि घरात थेंब नव्हता. शांता घागर घेऊन गेली. खदानीचा उतार ओला होता. आम्ही बायांनी तिला खाटेवर घालून आणलं. मूल झालं ते मेलेलं. मुलगा होता.

गयाबाई आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत चुना होता. ती शांतेजवळ बसली आणि तिच्या केसांतली खदानीची माती बोटांनी काढत राहिली. रडली नाही. शांताही रडली नाही. अशोक आला, त्यानं ते लेकरू फडक्यात घेतलं आणि दोन-तीन जणांसोबत निघाला. जाताना विहिरीपाशी तो थांबला. आम्हाला वाटलं आता काहीतरी होणार. पण तो नुसताच त्या कुलपाकडं बघत राहिला आणि मग चालू लागला.

त्यानंतर अशोकनं घर विकायचं ठरवलं. त्याला सेक्टरात क्वार्टर मिळालं होतं. तिथं घरोघर नळ होता. गयाबाई म्हणाली, "तुमी जा दोघं. मी राहतो इथं." अशोक म्हणाला, "माय, तू इथं असली तं शांता रोज येइन तुले पाहाले. रोज त्या खदानीजवळून येइन. मले ते नाही पाहवत." घर सीतारामच्या मागं अशोकच्या नावावर झालं होतं. पण तो आईच्या होकाराची वाट पाहत थांबला. बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली, "ठीक आहे. मंग चांगलं करून देतो. पडकं घर म्हनून नोको जाऊ देऊ."

आजवर दुसऱ्यांची घरं तिनं जशी माणसात आणली, तसं आता आपलं आणायला घेतलं. मी सोबत होते. तिनं चूल मोडून नवी घातली. भिंतींना चुन्याचे हात दिले. सीताराम जिथं टेकून बसायचा तिथं भिंतीवर तेलकट ठसा होता, त्यावरून तिचा हात सहज फिरला, जसा इतर कुठल्याही डागावरून फिरला असता. मीच तिकडं पाहू शकले नाही.

दुबेजी येऊन घर पाहून गेला. खूश झाला. मग तसबिरीकडं बोट करून म्हणाला, "यह उतारना पड़ेगा. और आँगन में तुलसी लगा दो. कोई पूछे तो बोलना, पाटिल हैं."

अशोक खाली बघत म्हणाला, "माय, थोड्या दिवसाची तं गोष्ट आहे."

"घर विकाचं आहे का आपल्याले विकाचं आहे?" गयाबाईनं विचारलं.

मग ती स्वतःच खुर्चीवर चढली, तसबीर उतरवली, धुतलेल्या लुगड्यात गुंडाळली आणि माझ्या हाती दिली. "तुह्या घरी लाव. उलटी नोको ठेवू." तुळस मात्र तिनं लावली नाही. दुबेजीला म्हणाली, "इचारलं तं मी सांगन." दुबेजी जाता जाता अंगणात थांबला. "वो बच्चे का कपड़ा नहीं टाँगा?" त्यानं विचारलं. आत शांता बसली होती. गयाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो छत्री उघडून चालता झाला.

गिऱ्हाइकं आली. घर सगळ्यांना आवडायचं. पण गल्लीतून जाताना शेजारचं कुणीतरी त्यांना थांबवून बोलायचं आणि ती परत यायची नाहीत. असं होत होत एक दिवस कारखान्यातले एक हेडक्लार्क आणि त्यांची बायको आली. नागपूरकडची माणसं. दुबेजीनं त्यांना गल्लीतून न आणता मागच्या अंगाच्या वाटेनं आणलं. पुरुष भिंती ठोकत फिरले. बाई थेट स्वयंपाकघरात आली. मी आणि गयाबाई तिथं होतो.

"अगंबाई, मराठी!" ती म्हणाली. "किती दिवसांनी ऐकलं हो. इथं नुसतं हिंदी बोलून बोलून माझं तोंड दुखतं." ती सरळ पाटावर बसली. गयाबाईनं दिलेलं पाणी प्यायली. न्हाणी पाहून आली आणि म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय हो घर. असं घर सोडवतं तरी कसं तुम्हाला?"

"पोराले क्वार्टर भेटलं," गयाबाई म्हणाली.

"हो का? चांगलंच की." बाईनं तांब्या पुन्हा तोंडाला लावला. मग सहज, अगदी आपुलकीनं विचारलं, "दुबेजी म्हणाले पाटील. कोणते पाटील हो तुम्ही? आमच्या काटोलकडं पण आहेत पाटील."

गयाबाई चुलीपाशी उभी होती. तिनं पदर डोक्यावरून नीट केला.

"पाटील नाही आमी. ते त्यानं सांगतलं. आमी बुद्धाचे. नागपूरले दीक्षा घेतली. त्याच्या आंधी महार."

बाईनं तांब्या खाली ठेवला. सावकाश ठेवला, पाणी सांडू न देता. ती रागावली नाही. रस्ता चुकल्यावर माणूस घाबरतं तशी घाबरली. उठून अंगणात गेली. चूळ भरायला पाणी मागायला म्हणून वळली, आणि तेही आमचंच असणार हे लक्षात येऊन तोंडावर पदर धरून तशीच उभी राहिली. नवरा बाहेर आला. दोघं हळू आवाजात बोलले आणि निघून गेले.

गयाबाईनं तो तांब्या उचलला, उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि तांब्या घासायला घेतला. "बाई वाईट नव्हती," ती मला म्हणाली. "बसली होती कशी, घरच्यासारखी."

आम्हाला वाटलं संपलं. पण काही दिवसांनी हेडक्लार्क एकटेच आले. दाराबाहेर उभे राहून बोलले. घर चांगलं आहे, घरात दोष नाही, ते म्हणाले. पण फरशी खोदून नवी घालावी लागेल, वास्तुशांत करावी लागेल, भाव तसा धरावा. दुबेजीनंही तेच सांगितलं: गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, यापेक्षा बरं गिऱ्हाईक येणार नाही. अशोक आईकडं पाहत होता. गयाबाई म्हणाली, "दे." आणि आत गेली. दुर्गला जाऊन कागद झाले. बैलगाडीत सामान भरून ते तिघं सेक्टरात राहायला गेले. तसबीर अशोक माझ्याकडून घेऊन गेला आणि नव्या क्वार्टरच्या समोरच्याच भिंतीवर त्यानं ती लावली.

त्यानंतरची गोष्ट गल्लीत कुणाला कळली नाही, मला कळली. फरशी खोदायचं काम बिसाहू मिस्त्रीला मिळालं. छत्तीसगढी माणूस, गयाबाईला रेजाच्या दिवसांपासून ओळखणारा. हेडक्लार्क बायकोला माहेरी पोचवायला गेले होते. सगळं शुद्ध झाल्यावरच ती येणार होती. मी पाण्याला जाताना पाहिलं तर दारात मलब्याचा ढीग, आणि पदर नाकावर ओढून घमेलं उचलणाऱ्या बायांत एक उंच बाई. चाल बघूनच मी ओळखलं.

"मावशी, हे काहाले?" मी जवळ जाऊन म्हणाले.

"दुसऱ्या कोनी खोदलं असतं तं कसंही खोदलं असतं," ती म्हणाली. "चुलीखाली अशोकची नाळ पुरली आहे. ते मी काढली." तिनं कमरेला खोचलेली एक पुरचुंडी मला दाखवली. तिच्यात मातीच होती. मग ती हसली. "आता नवी फरशी बी मीच घालून राहिलो. बिसाहूले सांगतलं, गिलावा मी कालवतो. मंग सांग, बाटलं कुठं आन् सुद्द झालं कुठं?"

बिसाहू कपाळाला हात लावून त्याच्या बोलीत म्हणाला, "दाई नइ मानय." माय ऐकतच नाही.

तिनं ती फरशी फार सुंदर केली. कोपरे, उतार, न्हाणीकडं पाणी जाईल असा ढाळ, सगळं. तिच्या मनात काही वाईट असतं तर ते कामात दिसलं असतं. मला दिसलं नाही. शेवटच्या दिवशी भिंतींसाठी चुना विरवत होते. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. ती वाकून पाहत असताना तो उसळला आणि तिच्या डोळ्यांत गेला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. बिसाहू पळत विहिरीकडं गेला. मिस्त्री लोकांना कामासाठी किल्ली दिलेली होती. बादलीवर बादली आणून त्यानं तिच्या डोळ्यांवर पाणी ओतलं. त्या विहिरीचं पाणी तिला इतक्या वर्षांनी मिळालं ते असं.

एक डोळा गेला. दुसरा हळूहळू धूसर होत गेला. दुबेजी एकदा केळी घेऊन पाहायला आला, थोडा वेळ बसला आणि गेला. शांतेला पुढं मुलगी झाली. क्वार्टरात नळ होता, वीज होती, संडास होता. अशोक चांगला होता; त्यानं आईला काही कमी केलं नाही. पण मी भेटायला गेले की गयाबाई पायरीवर बसलेली असायची. "इथं करासारखं काही नाही," ती म्हणायची. "भिंत पोताची तं सरकारी मानूस येते. चूल नाही, शेगडी आहे. सगळे घरं एकसारखे. येनारा मानूस वळखन कसा?" पुढं पुढं तिचं बोलणंही घसरू लागलं. मला ती कधी सीतारामच्या बहिणीच्या नावानं हाक मारी. कधी विचारी, आज कोणाचं घर आहे.

मग माझ्या नवऱ्याची बदली गोंदियाला झाली. सामान बांधून झाल्यावर मी सकाळी तिचा निरोप घ्यायला सेक्टरात गेले. रस्त्याच्या वळणावरच ती मला लांबून दिसली. क्वार्टरांच्या रांगेतून एकटी चालली होती, एक हात भिंतींवरून फिरवत. एका दारापाशी थांबली, चौकट चाचपली, पुढं निघाली. दुसऱ्या दारात एक पंजाबी मुलगी दात घासत उभी होती. तिनं विचारलं, "नानी, किसके घर जाना है?"

"माह्या," गयाबाई म्हणाली.

"आपका घर कहाँ है?"

"सुपेल्याले."

मुलगी हसली. "सुपेला तो उधर है नानी, बहुत दूर." आणि तिनं रस्त्याकडं हात केला.

गयाबाईला हात दिसला नसेल, पण आवाजाची दिशा कळली. तिनं मान हलवली आणि ती त्या बाजूनं वळली. मी हाका मारत धावले. मी पोचले तेव्हा ती रांग संपवून डांबरी रस्त्यावर आली होती आणि कारखान्याला निघालेल्या सायकली घंटी वाजवत तिच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. मी तिचा हात धरला. तिनं तो झटकला नाही, पण चालायचीही थांबली नाही.

"सोड वो पोरी," ती म्हणाली. "ऊन चढाच्या आंधी पोचावं लागते."